कोलूचा दगड

दगड सापडला तो नाल्याच्या कोरड्या पात्रात, करंजाच्या सावलीत. लालसूचा मामा जंगू पुढे चालत होता. तो थांबला, वाकला, कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यानं थोडी वाळू सारली आणि दगडाच्या अंगावर तळवा टेकवून बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिला.

"हाच," तो म्हणाला.

लालसूनं पाहिलं. माणसाच्या उंचीचा, एका टोकाला निमुळता, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला काळा दगड. अर्धा वाळूत रुतलेला. दोघांनी हातांनी वाळू उपसली. एक बल्ली तोडून आणली, तिचं टोक दगडाखाली घातलं आणि दोघांनी मिळून अंगाचा भार टाकला. दगड ढिम्म हलला नाही. जंगूला धाप लागली. खाली बसून त्यानं तंबाखूची चिमूट गालात धरली.

"आठ जण खांद्याले पाह्यजे," तो म्हणाला. "अन् बदलीले आणखी. मधात चढ आहे. गावानं आलं पाह्यजे, बाबू."

जंगू परगावचा, भाच्याच्या घरच्या दगडाला मामानं यायचं ही रीतच होती. पण गाव येईल का, याचं उत्तर जंगूलाही ठाऊक होतं आणि लालसूलाही.

लालसूचा बाप कोलू श्रावणात तापानं गेला होता. येरमगुड्यात माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड आणून जुन्या माणसांच्या दगडांशेजारी उभा करायचा. भात मळून झालं, थंडी ओसरली, मोहाला कळ्या धरल्या, तरी कोलूचा दगड उभा झाला नव्हता. त्याची बायको सोनीबाई रोज दिवस बुडताना पानावर भात काढून अंगणाबाहेर ठेवायची. "त्याले बसाले जागा नाई," ती म्हणायची. "उभाच आहे तो, कुंपणाले टेकून."

गाव जंगलाच्या जमिनीवर वसलेलं. घर, शेत, कुंपणाची काटी, चुलीतलं लाकूड, सारं जंगलखात्याच्या नाकेदाराच्या मर्जीवर. जमीनदारी गेली असं बाजारात लोक सांगत, पण येरमगुड्यातली बेगार गेली नव्हती. साहेब दौऱ्यावर आला की जिथे सडक संपते तिथपासून नदीकाठच्या बंगल्यापर्यंत त्याचं सामान गावानं वाहायचं. पलंग, लोखंडी पेट्या, भांड्यांची डालगी, गाद्यांची वळकटी. कोणी काय उचलायचं ते कोलू ठरवायचा. नाकेदारानं त्याला मुकादम केलं होतं आणि त्याच्या हातात काठी दिली होती. सकाळी ती काठी टेकत कोलू दारोदार फिरायचा. "तू पेटी. तू पलंग." एवढंच बोलायचा. स्वतः काही उचलायचा नाही. आणि एवढ्या वर्षांत त्यानं लालसूलाही कधी काही उचलायला लावलं नाही.

म्हणून लालसू दारोदार फिरायला निघाला तेव्हा त्याची पावलं जड झाली होती.

पहिलं घर लच्छूचं. लच्छू त्याच्याच वयाचा, लहानपणी दोघं मिळून नाल्यात मासे धरायचे. लच्छू अंगणात बल्ली सोलत बसला होता. लालसूनं विचारलं तसा तो कमरेवर हात ठेवून उठला.

"आलो असतो गा. पण कंबरेत चमक भरली आहे माह्या."

सुकलू म्हणाला, मोह पडायला लागेल, बायको एकटी कुठंकुठं वेचणार. मोह पडायला अजून वेळ होता. तिसऱ्या घरी कोणीच नव्हतं. चुलीवर मात्र काहीतरी शिजत होतं.

शेवटी तो झिंगूच्या दारात गेला. झिंगू म्हातारा नव्हता, पण म्हातारा दिसे. तो टोपली विणत होता. बांबूची काडी पायाच्या अंगठ्यात धरून उजव्या हातानं ओढत होता, कारण डावा हात खांद्यापासून वर जातच नव्हता. एका दौऱ्याला तो तापानं फणफणत असताना कोलूनं त्याच्या खांद्यावर पेटी दिली होती. नाल्याच्या उतारावर पाय निसटला आणि तो पेटीसकट खाली गेला. खांदा निखळला. वैदूनं बसवला, तो वाकडाच बसला.

"बस," झिंगू म्हणाला.

लालसू बसला. "मामा आला आहे, काका. दगड पाह्यला आमी."

"ऐकलं."

"तुमी आले तर बाकीचे येतीन."

झिंगूनं काडी ओढली, वळवली, आत खोचली. मग टोपली बाजूला ठेवली.

"तुहा बाप याच दारात येऊन मनायचा, उचल. मी उचलायचो. उचलशीन का मनून त्यानं कधी इचारलं नाई. तू इचारून राह्यला. हे बरं आहे." त्यानं लालसूकडे नीट पाहिलं. "इचारलं का 'नाई' मनता येते."

लालसू उठायला लागला तसं झिंगूनं त्याला जवळ बोलावलं. उजवा हात लांब करून त्यानं लालसूचा खांदा चाचपला. मानेपासून हाडापर्यंत, बांबू हिरवा की वाळला हे पाहावं तसा. गावातल्या प्रत्येक माणसाच्या खांद्यावर तिथे घट्टा होता, बैलाच्या मानेवर असतो तसा. लालसूच्या खांद्यावर नुसतं कातडं होतं.

"मऊ आहे," झिंगू म्हणाला. त्याच्या बोलण्यात हेटाळणी नव्हती. म्हणूनच ते लालसूला अधिक लागलं. झिंगूची बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिच्यासमोरून तो खाली मान घालून निघून आला.

दुसऱ्या दिवशी नाकेदार गुणवंतराव आला. सायकल झाडाला टेकवून खाटेवर बसला, सोनीबाईनं दिलेलं पाणी प्यायला, टोपी काढून तिनंच वारा घेत राहिला. माणूस तोंडाचा गोड होता.

"दगड आणाचा आहे मनते तू," तो लालसूला म्हणाला. "लोक येऊन नाई राह्यले?"

लालसूनं मान हलवली.

"येतीन कशे नाई! बापाची काठी घरात आहे ना? घे हातात. परवा साहेब येऊन राह्यले. त्यायचं सामान बंगल्यावर पोचलं का दुसऱ्या दिवशी तेच लोक तुहा दगड आणून देतीन. मी सांगतो ना त्यायले. आठ मन, सोळा मन, तेवढे येतीन."

सोनीबाईचा चेहरा उजळला. तिनं लगेच छपराकडे पाहिलं. काठी तिथेच वाशाला खोचलेली होती.

"सांगतो," लालसू म्हणाला.

"सांगाचं काय आहे त्यात? परवा सकाळी सडकेवर ये, काठी घेऊन." नाकेदारानं टोपी घातली. जाता जाता मागच्या वाडीकडे, लालसूनं यंदा थोड्या पुढे सरकवलेल्या कुंपणाकडे त्यानं एक नजर टाकली. मग सायकल काढली.

दिवस कलला होता. सोमारी, लालसूची बायको, ओसरीत भात कांडत होती. मुसळाचा आवाज एका लयीत चालला होता. सोनीबाई पोराशेजारी येऊन बसली.

"घे ना बाबू काठी. तुहा बाप का आवडीनं मुकादम झाला? जवानीत त्यानं एवढं वाह्यलं का त्याची मान वळत नव्हती. कोणी हाक मारली तर अख्खा फिरून पाहायचा. तू माह्या पोटात होता तवा मनाला, याच्या खांद्यावर मी काई येऊ देत नाई. अन् नाई येऊ देलं त्यानं."

मुसळ थांबलं.

"मंग ते कुठी गेलं?" सोमारीनं विचारलं.

"काय?"

"तुमच्या लेकाच्या वाट्याचं ओझं. ते काई जंगलात पडून नाई राह्यलं, माय. कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावर गेलंच असन."

सोनीबाई तिच्याकडे वळली. "मेलेल्या माणसाले बोलून राह्यली का तू?"

"नाई माय. मी ओझ्याचं बोलून राह्यली," सोमारी म्हणाली आणि पुन्हा मुसळ उचललं.

लालसू बाहेर येऊन उभा राहिला. अंगणाबाहेर पानावर भात होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. बापानं आपल्यासाठी काय केलं हे त्याला आज पहिल्यांदा कळलं होतं, आणि त्याच बैठकीत दुसरंही कळलं होतं. पेटीसकट नाल्यात कोसळणारा झिंगू त्याला दिसला. त्या दिवशी आपण कुठे होतो ते तो आठवू लागला. नदीवर होतो. मासे धरायचा सापळा लावला होता पाण्यात. एक मोठा मासा मिळाला होता आणि बापानं तो चवीनं खाल्ला असेल असं त्याला वाटलं, पण ते काही केल्या आठवेना.

ठरल्या दिवशी सकाळी सडकेच्या टोकाला सगळे जमले. मोटरीतून सामान उतरवून ठेवलं होतं. साहेब छत्री घेऊन पुढे निघून गेला होता. लोक नेहमीसारखे ओळीनं बसले होते, कोणी काय उचलायचं ते कोणी तरी सांगेल म्हणून. लालसू काठी घेऊन आला तसं सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"आणली ना?" नाकेदार हसला. "लाग मंग कामाले."

लालसूनं काठी त्याच्यापुढे धरली. "ही तुमची, साहेब. माह्यानं नाई होत."

"काय नाई होत?"

"ओझं वाटाचं. मले एखादी पेटी द्या, मी नेतो."

ओळीतलं कोणी तरी खोकलं. नाकेदाराच्या कपाळावरची शीर उठली. त्यानं काठी हिसकावून घेतली. "पेटी पाह्यजे? घे. ही घे." काठीच्या टोकानं त्यानं सगळ्यांत मोठी लोखंडी पेटी दाखवली. "अन् तू रे लच्छू, धर दुसरीकडून. पाहू दे याचा जोर."

पेटीला दोर बांधून दोर बल्लीत अडकवला. लच्छू पुढे, लालसू मागे. लालसूनं उचलताना इतरांचं पाहून तोंडानं हुंकार दिला, पण बल्ली हाडावर बसली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दहा-वीस पावलांत पेटी झोके घेऊ लागली.

"पाय जुळव," लच्छू पुढूनच ओरडला. "तू हालला का सारं माह्यावर येते."

लालसू पाय जुळवू लागला. लच्छूच्या टाचांकडे पाहत राहिला. भेगाळलेल्या, मातीनं भरलेल्या टाचा. डावी, उजवी. डावी, उजवी. उन्हं चढली. सागाची वाळकी पानं पायाखाली कडकड वाजत होती. खांद्यावरचं कातडं आधी तापलं, मग भिजल्यासारखं झालं. घाम असेल असं वाटून त्यानं हात लावला तर बोटांना रक्त लागलं.

लच्छू थांबला. पेटी खाली टेकवली. मागे येऊन त्यानं खांदा पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"डोक्याचं फडकं कायले ठेवलं आहे? सोड. घडी कर. हाडावर नोको ठेवू, हाडाच्या मागं ठेव. अन् दुसरा खांदा देवानं कायले देला आहे?"

नाल्यापलीकडे चढ लागला. थोडं वर गेल्यावर पेटी आपल्याकडे सरकत आहे हे लालसूला कळलं. चढावर ओझं मागच्यावर येतं. दोर सरकत सरकत त्याच्या गळ्याशी आला. तरी तो चालत राहिला. माथ्यावर पोचल्यावर लच्छूनं वळून पाहिलं, दोर कुठे आला आहे ते पाहिलं.

"सांगाचं ना," तो म्हणाला.

"काय सांगाचं?"

"थांब मनाचं. मी मागं झालो असतो." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पुढच्या चढाले मी मागं."

पुढच्या चढाला तो खरंच मागे गेला. लालसूच्या खांद्यावरचं ओझं एकदम हलकं झालं. इतकं हलकं, की बरं वाटण्याऐवजी त्याला चमकल्यासारखं झालं. त्यानं मान वळवून पाहिलं. लच्छूच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, तोंड काळंनिळं झालं होतं. एकाकडून गेलेलं ओझं दुसऱ्याकडे जाताना असं दिसतं. लालसू पुढे पाहून चालू लागला.

बंगल्याच्या ओट्यावर पेटी ठेवली तेव्हा साहेब खुर्चीत बसून बूट काढत होता. त्यानं वर पाहिलं नाही. लालसूला सरळ उभं राहता येईना. लच्छूनं पाण्याचा तुंबा त्याच्या हाती दिला.

पाणी पिऊन झाल्यावर लालसू म्हणाला, "कंबरेची चमक कशी आहे?"

लच्छू नाकातून हसला. घरी सोमारीनं मोहाच्या बियांचं, टोरीचं तेल गरम करून त्याच्या खांद्याला लावलं तेव्हा तो लहान पोरासारखा विव्हळला, आणि सोनीबाई पाठमोरी होऊन चूल फुंकत राहिली. चूल पेटलेलीच होती.

दगडासाठी लालसू पुन्हा कोणाच्या दारी गेला नाही. एकदा विचारलं होतं. त्यांचं नाही म्हणणं त्यांचं होतं. खांद्याची खपली जरा धरली तसा तो, जंगू, सोमारी आणि सोनीबाई, असे चौघं नाल्यात उतरले. सोमारीनं माहुलाच्या वेलाचे दोर वळले. जंगूनं गोल ओंडके तोडले. बल्ल्यांनी उचकटून दगड ओंडक्यांवर घ्यायचा, मागचा ओंडका काढून पुढे घालायचा, ओढायचा. वाळूत ओंडके रुतत. सोनीबाई हातांनी वाळू उकरून देई. ऊन डोक्यावर आलं तरी दगड नाल्याच्या काठालाच लागला होता. लालसूची खपली निघाली होती. सोमारीच्या तळहातांना फोड आले होते, पण ते ती दाखवत नव्हती.

काठावर कोणी तरी उभं होतं. लच्छू. खांद्यावर कुऱ्हाड, शेजारी सुकलू.

"ओंडक्यावरून चढ चढन का तो?" लच्छू वरूनच म्हणाला. "मागं सरकन अन् तुह्याच पायावर येईन."

मग दोघंही झाडीत दिसेनासे झाले. जंगूनं थुंकून परत बल्ली हातात घेतली.

कुऱ्हाडींचे आवाज ऐकू आले ते थोड्या वेळानं. लच्छू आणि सुकलू दोन लांब, सरळ बल्ल्या घेऊन आले आणि त्यांच्यामागून वरच्या वस्तीतली चार तरणी माणसं आडव्या बल्ल्या घेऊन आली. लच्छूनं जंगूनं बांधलेल्या गाठी पाहिल्या, हसून सोडल्या आणि नव्यानं बांधायला घेतल्या. दगड बल्ल्यांच्या मधोमध झोळीसारखा आला. माणसं उभी राहिली तेव्हा डावीकडची एक जागा रिकामी राहिली. जंगू पुढे झाला, पण त्याला अजून धाप लागलेली होती.

"मामा, तुमी नोको," लालसू म्हणाला.

"ते मले द्या."

झिंगू होता. मागे त्याची बायको, डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन. झिंगूनं कंबर कसली होती आणि उजव्या खांद्यावर फडक्याची घडी आधीच ठेवली होती.

"काका, तुमी राहू द्या ना," लच्छू म्हणाला. "तुमच्या खांद्याचं..."

"उजव्याले काय झालं आहे? उजवा आहे ना." झिंगू जागेवर येऊन उभा राहिला. त्याच्या अगदी पलीकडे, दगडाच्या दुसऱ्या बाजूला, लालसू होता. झिंगू त्याच्याकडे न पाहता म्हणाला, "आज मले कोणी लावलं नाई. मनून आलो."

उचलला. आठ गळ्यांतून एकच आवाज निघाला. दगड जमिनीपासून सुटला आणि डुलू लागला. मग पावलं पडायला लागली तसा तो मधोमध स्थिर झाला. काठ चढले. पळसाखालून गेले. मोठा चढ चढताना कोणाचं बोलणं नव्हतं, नुसता श्वास. माथ्यावर मोहाचं झाड होतं. तिथे पोचता पोचता सगळ्यांचे पाय डळमळू लागले आणि लच्छू ओरडला, "टेकवा, टेकवा!"

दगड सावलीत टेकवला. माणसं आडवी झाली.

"खाली होता तवा एवढा जड नव्हता," सुकलू म्हणाला.

"माणूस रुसला का दगड जड होते, असं आमचे बुढे मनत," जंगूनं सांगितलं.

"रुसाचं आमी," लच्छू पडल्या पडल्या म्हणाला, "तो काऊन रुसते?"

सगळे हसले. सोनीबाईसुद्धा तोंडावर पदर धरून हसली असावी. झिंगू हसला नाही. तो उठला आणि दगडाच्या निमुळत्या टोकाशी, जिथे माणसाचं डोकं असतं तिथे, उकिडवा बसला.

"कोलू," तो म्हणाला, शेजाऱ्याशी बोलावं तसा. "त्या दिवशी मी तापात होतो. माह्या बायकोनं तुले सांगतलं होतं. तू ऐकलं, अन् तरी पेटी देली. ते मी इसरत नाई. इसरणार बी नाई. तुह्या दगडाजवळून जाईन तवा दरवेळी तुले ते सांगीन. मनून घेऊन चाललो तुले. दगडच नसता, तर मी कोणापाशी बोललो असतो?"

झाडावर होला घुमत होता. मग सुकलू बोलला, बसल्या जागेवरून. त्याची बायको बाळंत होत असताना त्याला पलंग उचलायला जावं लागलं होतं. तो परत आला तेव्हा पोर पुरून झालं होतं. एवढं बोलून तो उठला आणि झाडामागे लघवीला गेला. एक तरणा म्हणाला, माहा बाप मरेपर्यंत तुह्या नावानं थुंकायचा. दुसरा म्हणाला, माह्या बापाले एकदा तुमी परत पाठवलं होतं, पाय सुजला होता मनून. ते बी सांगतो.

लालसू मान खाली घालून ऐकत होता. काही तरी बोलावं असं त्याला फार वाटत होतं. पण बोलणं त्याच्याशी नव्हतंच. ते बापाशी चाललं होतं, आणि मधे पडायचं नाही एवढंच त्याच्या हाती होतं.

सोनीबाईनं पानाच्या द्रोणात आंबील ओतली. पहिला द्रोण तिनं झिंगूपुढे धरला.

"त्या दिवशी तो जेवला नाई," ती म्हणाली.

झिंगूनं द्रोण घेतला. "तो जेवला नाई मनून माहा हात काई वर आला नाई."

"नाई," सोनीबाई म्हणाली. "नाई आला."

झिंगू आंबील प्यायला. द्रोण रिकामा करून त्यानं तो परत तिच्या हातात दिला. "सांगतलं ते बरं केलं," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बल्लीखाली वाकला.

पुढे जंगू ही गोष्ट सांगताना म्हणायचा की त्यानंतर दगड कापसासारखा हलका झाला. लालसूला तसं काही वाटलं नाही. दगड तेवढाच जड होता. पाय मात्र जुळले होते. आठ माणसांचे पाय एकदम पडत होते आणि एकदम उठत होते, आणि आपलं ओझं कुठे संपतं आणि पलीकडच्याचं कुठे सुरू होतं, हे शोधायला त्याला सवडच नव्हती. पलीकडून झिंगूचा श्वास ऐकू येत होता, थोडा घरघरता. तो थांबतो का, इकडे लालसूचा सारा जीव कानात गोळा झाला होता. तो थांबला नाही.

जुन्या दगडांच्या माळावर खड्डा खणून ठेवला होता. हळूहळू वाकत, एकमेकांना सांगत त्यांनी दगड टेकवला. माणसं बाजूला झाली. लालसू मात्र तसाच वाकून उभा होता, बल्ली खांद्यावर, हात बल्लीवर घट्ट आवळलेले.

झिंगू फेरा घालून त्याच्याजवळ आला.

"टेकला दगड," तो म्हणाला. "सोड आता."

त्या संध्याकाळी दगड उभा राहिला आणि सोनीबाईनं अंगणाबाहेर पान ठेवलं नाही.

त्यानंतर येरमगुड्यातली काठी कोणी हातात घेतली नाही. नाकेदारानं दोघा-तिघांना विचारून पाहिलं, धमकावलं, लालसूचं कुंपण मागे सरकवायला लावलं. लालसूनं सरकवलं. बेगार मात्र काही लगेच सुटली नाही. पुढची काही वर्षं साहेब येत राहिले आणि सामान वाहावं लागत राहिलं. फरक एवढाच झाला, की आदल्या दिवशी माणसं मोहाखाली बसून आपसांत ठरवू लागली. उंचीनं उंची पाहून जोड्या लावत. ज्याला ताप त्याला वगळत, ज्याच्या घरी बाळंतीण त्याला वगळत. चढाला मागे कोण, हे आधीच बोलून घेत. मोठी पेटी पाळीपाळीनं सगळ्यांकडे जाई, लालसूकडे इतरांपेक्षा जरा जास्त. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही आणि कोणी त्याला अडवलंही नाही.

झिंगूला त्यांनी कायमचंच वगळलं होतं. त्यात विचारायचं काय, असं सगळ्यांनाच वाटलं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी साहेबाची फेरी निघाली. सडकेवर सामान उतरलं होतं, जोड्या दोर बांधत होत्या. एवढ्यात झिंगू आला. रागानं त्याचं तोंड लाल झालं होतं.

"मले सांगतलं नाई कोणी."

"तुमाले कायले तरास, काका," लच्छू म्हणाला. "आमी आहो ना."

"मी मेलो का?"

झिंगू सामानामधून फिरू लागला. पेटी पाहिली, पलंग पाहिला. वळकटीला हात घातला तर ती एका जोडीची होती. शेवटी एका डालग्याशेजारी काच फडक्यात गुंडाळलेला कंदील होता. त्यानं तो उजव्या हातानं उचलला.

"हा कोणाकडं?"

"कोणाकडंच नाई," लालसू म्हणाला.

"मंग माह्याकडं."

कंदिलाचं फडकं सोडून त्यानं ते खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. त्याच्या मागून जोड्या निघाल्या. दुपारचं ऊन लख्ख पडलं होतं आणि झिंगू न पेटवलेला कंदील घेऊन सगळ्यांच्या पुढे चालला होता. "इथी दगड हालते," तो मागे सांगे, आणि ते बोलणं एका जोडीकडून दुसऱ्या जोडीकडे, शेवटपर्यंत जाई. नाल्याच्या उतारावर तो बाजूला सरून थांबला, आणि शेवटचं ओझं पार होईपर्यंत जागचा हलला नाही.